भिंतीतली जागा

साताऱ्याच्या घरात बैठकीला जिप्समची नवी भिंत घातली. रस्त्याचा आवाज कमी यावा म्हणून आत रॉकवूल भरलं. स्पीकरही याच भिंतीत बसवायचे होते. मिस्त्रींनी बोर्ड गोल कापला, आतलं करडं रॉकवूल दिसलं आणि मला उगीच अपराधी वाटलं. आवाज अडवायला भरलेल्या भिंतीतून गाणं काढायचं.

मिस्त्री म्हणाले, "हे राहू द्या, जरा मागं सरकवतो." खरंच होतं. अशा बहुतेक स्पीकरना स्वतःची पेटी नसते, भिंतीतली पोकळीच त्यांची पेटी. रॉकवूल मागचा घुमारा शोषून घेतं, स्वर स्वच्छ येतो. पलीकडच्या खोलीत आई झोपते, म्हणून मागून बंद डबा तेवढा बसवून घेतला.

ते भोक पाहताना मिरज आठवत राहिलं. सतारमेकर गल्लीत टांगलेले, पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे. तंबोऱ्याचा भोपळा रिकामा ठेवतात, आमची भिंत भरलेली, आणि दोन्ही स्वरासाठीच. हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांवर त्यांचा फार जीव. खाँसाहेब १९३७ साली गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे.

स्पीकर बसल्यावर पहिल्यांदा खाँसाहेबांचंच ध्वनिमुद्रण लावलं. आई दारात उभी राहून ऐकत होती, काही बोलली नाही.

सांगलीकडे गेलात तर मिरजेच्या त्या गल्लीत जरूर थांबा, आणि कारागिराची परवानगी घेऊन एखाद्या भोपळ्यावर टिचकी मारून ऐका.