हॉल्ट

हॉल्ट म्हणजे वाटेतला थोड्या वेळाचा थांबा. गाडी उभी राहते, माणसं चढतात-उतरतात, गाडी सुटते. रेल्वेत आडबाजूच्या चिमुकल्या स्टेशनालाही हॉल्ट म्हणतात. तिथली तिकीटविक्री बहुधा कमिशनवर नेमलेल्या माणसाकडे असते. मुंबईच्या उपनगरांत मात्र हा शब्द येतो तो पहिल्याच अर्थानं, आणि त्यावर लाखोंचा दिवस बेतलेला असतो.

लोकलचा हॉल्ट जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. स्लो गाडी सगळीकडे थांबते, फास्ट मोजक्या ठिकाणी. पश्चिम रेल्वेवर अंधेरी आणि बोरिवली ही फास्ट गाडीची हक्काची स्टेशनं. काही गाड्या ‘अंधेरीनंतर स्लो’ होतात. मध्य रेल्वेवर घाटकोपरला फास्टचा हॉल्ट आहे, पण ऐन गर्दीतल्या काही फास्ट गाड्या मुलुंड सोडून थेट ठाणे गाठतात. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं नाहूर 2006 साली सुरू झालं, जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधलं राम मंदिर 22 डिसेंबर 2016 रोजी. दोन्हीकडे थांबतात त्या स्लो गाड्याच. घर घेताना म्हणूनच इथला माणूस आधी विचारतो, फास्ट थांबते का?

या अर्ध्या मिनिटाची तयारी एक स्टेशन आधी सुरू होते. घाटकोपरला उतरणारा विद्याविहारच्या आधीच दाराकडे सरकू लागतो. पुढच्याच्या खांद्याला हलकेच हात लावून विचारतो, ‘घाटकोपर?’ मान नकारार्थी हलली की दोघं अंग चोरून जागा बदलतात. बॅग पाठीवरून पोटावर येते. फलाट कुठल्या बाजूला येणार, हे नेहमीच्याला विचारावं लागत नाही. 8 जून 2014 पासून वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो धावू लागली आणि या फलाटावरचा लोंढा आणखी वाढला. खाली उतरणाऱ्यांना वाट देण्याचं सौजन्य इतक्या दाटीतही बहुतेकदा पाळलं जातं. उपनगरानं स्वतःच घडवलेली ही रीत खरोखर कौतुकाची आहे.

लांबच्या प्रवासात हॉल्ट ऐसपैस होतो. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून कोकणात निघालेली एसटी वाटेत चहापाण्याला थांबते. ‘दहा मिनिटं हां,’ असं सांगून कंडक्टर उतरतो, आणि निघताना आत डोकावून शेजारी आले का, हे प्रवाशांनाच विचारतो. संध्याकाळी गावात पोचून पहाटे परतणारी ती वस्तीची गाडी; तिचा हॉल्ट रात्रभराचा.

रेल्वेनं कोकणात जायचं तर पश्चिम उपनगरातल्या माणसाला वर्षानुवर्षं सामान घेऊन दादर, ठाणे किंवा पनवेल गाठावं लागे. बोरिवलीला हॉल्ट असलेली गाडी हवी, ही मागणी त्यातूनच आली. 29 ऑगस्ट 2024 रोजी वांद्रे टर्मिनस–मडगाव गाडीला बोरिवलीतून हिरवा झेंडा दाखवण्यात आला. ती वसईवरून वळून पनवेलमार्गे कोकणात उतरते आणि आठवड्यातून दोनदा बोरिवलीला थांबते.