हिरव्या डोंगरावरच्या सऱ्या



मे महिन्यात पंधरा दिवस पेजवर काही टाकलं नाही. बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं, म्हणून सांगतो. आम्ही दोघं आयर्लंडला गेलो होतो. पोरगा आणि सूनबाई तिकडं नोकरीला आहेत. त्यांना काही फार सुट्टी नव्हती, मग भाड्याची गाडी घेऊन आम्ही नवराबायकोच पाच दिवस पश्चिमेकडचा भाग फिरलो. तिकडं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं गाडी चालवतात आणि फिरायला आलेल्या माणसाला आपलं लायसन चालतं. गाडी मी चालवली, फोटो सौंनी काढले. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, समुद्राचे फोटो काय कुणीबी काढतंय. मी बांध काढते." त्यामुळं खाली जे फोटो दिलेत त्यात बांध, फाटकं, जनावरांच्या पाण्याचे हौद, कानातले बिल्ले आणि काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेला मुरघास हेच जास्त आहे.

खेड्यातले रस्ते एवढे अरुंद की मधोमध गवत उगवलेलं. समोरून गाडी आली की एकानं फाटकापाशी अंग चोरून उभं राहायचं. जाणारा माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तोच तिथला राम राम. दुसऱ्या दिवसापासून माझंही बोट आपोआप उठायला लागलं.

तिथली नव्वद टक्क्यांच्या आसपास शेतजमीन गवताखालीच आहे. पाऊस पश्चिमेला वर्षातले दोनशेच्या वर दिवस पडतो, पण आपल्यासारखा कोसळत नाही, झिरपत राहतो. म्हणून गवत वाढतच असतं आणि तेच त्यांचं मुख्य पीक. मे अखेरीला पहिली कापणी करून मुरघास भरायची धांदल चालली होती.

क्लेअर जिल्ह्यात बरेन नावाचा भाग आहे. मैलच्या मैल उघडा चुनखडीचा कातळ, आणि कातळाच्या भेगांत माती. आपण त्याला पडीक म्हणून सोडून देऊ. तिथं जनावरं हिवाळ्यात डोंगरावर चढवतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात, म्हणजे बाकी जगाच्या उलटं. कारण सोपं आहे. कातळ उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो, पाणी थांबत नाही, जनावराला बसायला कोरडी जागा मिळते. हिवाळ्यात वाळलं गवत खाऊन साफ झालं की वसंतात रानफुलांना ऊन मिळतं. आम्ही गेलो तेव्हा कातळात निळी फुलं फुलली होती. याच भागात २०१० पासून शेतकऱ्याच्या शेताला दहापैकी गुण देऊन पैसे द्यायची पद्धत सुरू झाली. रान जितकं चांगलं राखाल तितके गुण, आणि गुण वाढले की पैसे वाढले. अनुदान कागदावर न देता रान बघून द्यायचं, ही गोष्ट आपल्या कृषी अधिकारी मित्रांनी जरूर वाचावी.

तिथं एका फाटकापाशी सत्तरीच्या घरातला एक शेतकरी भेटला. माझं इंग्रजी दहावीपुरतं, त्याचं बोलणं भरभर. मग सौंनी मोबाइल पुढं केला. आमची खिलार जोडी बघून तो खूश झाला. ठिबकचा फोटो बघून मात्र बुचकळ्यात पडला, पिकाला पाणी विकत आणल्यासारखं थेंब थेंब का देता म्हणून. त्याची दोन्ही पोरं परदेशात. तिकडं तीन शेतकऱ्यांमागं एक पासष्टीच्या पुढचा आहे. सौ. गाडीत बसल्यावर बराच वेळ बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. आमचंही पोरगं तिकडंच आहे की.

आता मुख्य गोष्ट. चौथ्या दिवशी आम्ही किलरी नावाच्या खाडीच्या कडेनं चाललो होतो. दोन्ही बाजूंना हिरवेगार डोंगर. सौ. म्हणाल्या, "थांबवा, त्या डोंगरावर सऱ्या पाडल्यात बघा." खरंच, तीव्र उताराला वरपर्यंत वरंब्यासारख्या सरळ रेघा, गवताखाली झाकलेल्या. फोटो मोठा करून बघा, दिसतील. ते बटाट्याचे जुने वाफे आहेत. बऱ्याच ठिकाणी पावणेदोनशे वर्षांत तिथं परत कुदळ पडलेली नाही.

१८४५ साली तिथं बटाट्यावर करपा आला. तोच उशिराचा करपा, जो आपल्या टोमॅटोवर आणि शेजारच्या सातगाव पठाराच्या बटाट्यावर येतो. गरिबाकडं जमीन तुकडाभर, आणि तेवढ्यात कुटुंब जगवणारं पीक एकच, बटाटा. त्यातही बहुतेकांकडं लंपर नावाची एकच जात, कारण हलक्या ओल्या जमिनीतही ती भरघोस यायची. बटाटा बेण्यापासून लागतो, म्हणजे सगळं शिवार एकाच झाडाच्या नकला. एकाला जे लागलं ते सगळ्यांना लागलं. बोर्डो मिश्रण यायला अजून चाळीस वर्षं होती. त्यात जमीन जमीनदाराची. धान्य आणि जनावरं त्याही वर्षांत जहाजानं इंग्लंडला जातच होती. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि रोगानं गेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत त्या बेटावर ८१ लाख लोक होते, दहा वर्षांनी ६५ लाख. आज दोन्ही भाग मिळूनही ते जुन्या आकड्याला पोहोचलेले नाहीत.

खाडीच्या पुढं डूलॉख नावाची दरी लागते. तळं, डोंगर, ढग, सगळं चित्रासारखं. तिथं रस्त्याकडेला एक दगडी क्रूस आहे. १८४९ च्या मार्चअखेर शेकडो उपाशी माणसं मदत चालू राहावी म्हणून हजेरी द्यायला या वाटेनं थंडीत चालत गेली. हाती काही न लागता त्यांना परत फिरावं लागलं. कित्येक जण वाटेतच पडले. त्या क्रूसावर आपल्या गांधीजींचं नाव आणि वाक्य कोरलेलं आहे. एवढ्या लांब गांधीजी भेटतील असं वाटलं नव्हतं. सौंनी चप्पल काढून हात जोडले आणि मग फोटो काढला. हा शेवटचा फोटो.

या घटनेतून ते लोक शिकले. १९५३ च्या सुमारास ऑस्टिन बर्क या हवामानतज्ज्ञानं करप्याचा अंदाज सांगायचा नियम बसवला. सलग बारा तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त, तापमान १० अंश किंवा जास्त, आणि त्यानंतरही पान काही तास ओलं राहिलं, की धोका समजायचा. आजही तिथलं हवामान खातं हंगामात करप्याचा इशारा देतं. आपल्याकडं आषाढ-श्रावणात हा नियम जवळपास रोजच लागेल, म्हणून तो जसाच्या तसा उचलून चालणार नाही. आपल्या शिवारातल्या नोंदींवरूनच आपला नियम बसवावा लागेल.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की गेल्या साली टोमॅटोला भाव लागला. यंदा आमच्या शिवारात रोपवाटिकेतून जवळपास सगळ्यांनी एकाच जातीची रोपं सांगून ठेवलीत. तीन एकर असलेला तिन्ही एकर लावतोय, काहींनी त्यासाठी सोनं गहाण ठेवलंय. आपण काही १८४५ मध्ये नाही. औषधं आहेत, बाजार आहे. पण करप्याला साल कळत नाही, त्याला ओलं पान आणि सारखं झाड कळतं.

आमच्या तीन एकरांत यंदा दीड एकर टोमॅटो, त्यातही दोन जाती, एक एकर सोयाबीन आणि अर्ध्यात चारा. भाव पुन्हा लागला तर लोक हसतील. हसू द्या.

एक विनंती आहे. लागणीपासून रोज सकाळी दव किंवा पावसानं पान किती वाजेपर्यंत ओलं होतं आणि पहिला डाग कोणत्या दिवशी दिसला, एवढं वहीत लिहा. हंगाम संपल्यावर वीस जणांच्या वह्या एकत्र मांडू. कृषी विद्यापीठातले मित्र हे वाचत असतील तर त्यांनी त्या बैठकीला यावं. चहा आमच्याकडं.