खुंटीवरची बंदूक

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीत चोरी झाली. दुसऱ्या मजल्यावरची मंडळी लग्नाला नाशिकला गेली होती. परत येऊन पाहतात तो दाराचा कोयंडा उखडलेला. चोराने चांदीच्या चार वाट्या नेल्या, देवघरातली समई नेली आणि कशासाठी कोण जाणे, प्रेशर कुकर नेला. कुकर गेल्याचे दुःख त्या बाईंना वाट्यांपेक्षा अधिक झालेले दिसले.

रविवारी सभासदांची सभा भरली. एरवी पाण्याच्या टाकीच्या प्रश्नावर पाच माणसे जमत नाहीत, पण त्या दिवशी जिन्यातसुद्धा माणसे उभी. आमचे चिटणीस मोठ्या आवेशात होते. त्यांचा मुलगा अमेरिकेत टेक्ससला असतो. तिकडे म्हणे घरोघर पिस्तूल, त्यामुळे परक्याच्या अंगणात पाय ठेवायची कुणाची छाती होत नाही. तेव्हा आपल्याकडेही मजल्यागणिक एका तरी सभासदाने परवाना काढावा, खर्च संस्था करील, असा ठराव त्यांनी तोंडीच मांडला. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "आणि तिकडे शाळांतून काय होतं, तेही सांगा की!" झाले! सभा दुभंगली.

एक निवृत्त फौजदार तळमजल्यावर राहतात. ते तासभर तपकिरीची डबी फिरवीत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पिस्तूल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली बायकोकडे, चष्मा उशाखाली. एवढं सगळं जमेपर्यंत चोर काय चहा घेत बसणार आहे?" मंडळी हसली आणि ठराव बारगळला. दुसरा रखवालदार ठेवावा आणि मागच्या बोळात दिवा लावावा, असे ठरले.

मी सभेत काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ पुष्कळ होते. पण कोकणातल्या आमच्या मूळ घरी बंदूक आहे, असे मी या इमारतीत कधी कुणाला सांगितलेले नव्हते. पांढरपेशा माणसाच्या घरात बंदूक म्हटले की लोक एक तर हसतात, नाही तर जपून बोलू लागतात.

आमचे घर राजापूर तालुक्यातले. बंदूक एकनळी, काडतुसाची. आजोबांनी ती शेतीच्या रक्षणासाठी परवाना काढून घेतली. कोकणात अशा बंदुका पुष्कळ. त्यांतल्या बऱ्याच जुन्या ठासणीच्या. निवडणूक आली की सगळ्या ठाण्यात जमा करायच्या, मग मतमोजणी आटोपली की घरी आणायच्या, असा त्यांचा एक वारीचा नेमच आहे. आमच्या बंदुकीने कुणाचा जीव घेतल्याचे मला आठवत नाही. फणसावर, केळीवर वानरांची टोळी उतरली की आजोबा आकाशाकडे नळी करून एक बार काढीत. वानरे पळत आणि तासाभराने परत येत. बाकी वर्षभर ती माजघरात खुंटीवर लटकलेली असे. मात्र काडतुसे तिच्याजवळ कधी नसत. ती आजीच्या लोखंडी पेटीत असत आणि पेटीची किल्ली आजीच्या कमरेला. ही व्यवस्था कुणी केली, का केली, ते कुणी सांगत नसे.

त्या व्यवस्थेचा अर्थ मला १९६४ सालच्या मे महिन्यात कळला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आजोबा वारले होते, परवाना काकांच्या नावावर झाला होता. काका म्हणजे अत्यंत सोशिक माणूस. गाय आडवी गेली तर तिलाही "जा गो बाय" म्हणायचे. पण भाऊबंदकी हे कोकणातले असे दुखणे आहे की ते सोशिक माणसालाच अधिक बाधते. त्या दिवशी संध्याकाळी काका बागेतून आले ते थरथरत. शेजारच्या चुलत घराण्याने रातोरात गडगा दोन हात आत सरकवला होता आणि काकांनी पाणी घालून वाढवलेली हापूसची दोन कलमे तोडून टाकली होती. काकांनी हातपाय धुतले नाहीत, पानावर बसले नाहीत. सरळ माजघरात गेले आणि त्यांनी खुंटीवरची बंदूक काढली.

"आई, किल्ली दे."

आजी कंदिलाची काच पुसत होती. ती उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "दिवेलागणीनंतर लोखंड उघडीत नाहीत. सकाळी देईन."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या सासूबाईंनी."

माझी आई, काकू, आम्ही पोरे, सगळी भिंतीला चिकटून उभी. काका बराच वेळ तसेच उभे राहिले. मग ओटीवर जाऊन बसले, बंदूक मांडीवर आडवी. आजी कंदील घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि काही न बोलता जोत्याला टेकून बसली. आम्हाला झोपायला पाठवले, पण झोप कुणाला येणार! मध्यरात्रीनंतर कधीतरी काकांचे रडणे ऐकू आले. मोठ्या माणसाचे रडणे मी त्यापूर्वी ऐकले नव्हते. सकाळी बंदूक खुंटीवर होती आणि काका विहिरीवर रहाट ओढीत होते. किल्ली त्यांनी मागितली नाही. गडग्याचा दावा राजापूरच्या कोर्टात अकरा वर्षे चालला आणि तडजोडीत मिटला. पुढे त्याच चुलत घराण्यातली मुलगी आमच्या गोतात सून म्हणून आली.

दिवेलागणीनंतर लोखंड उघडू नये, असे कोणत्या शास्त्रात आहे, हे मी पुढे आईला विचारले. ती म्हणाली, "कुठल्या रे शास्त्रात! त्याच क्षणी तिला सुचलं ते."

आजीने दिली ती फक्त एक रात्र. काकांना तिने उपदेश केला नाही, देवाची शपथ घातली नाही. राग आणि चाप यांच्यामध्ये तिने आठ-नऊ तासांचे अंतर घातले. बंदुकीच्या कायद्यावर मी आजवर जे काही वाचले, ते वाचताना मला नेहमी वाटत आले आहे की कायद्याला जे साधायचे ते हेच आहे.

अर्थात या विषयात दुसरी बाजू नाही असे नव्हे, आणि ती बाजू मांडणारे सगळेच काही आमच्या चिटणीसांसारखे नव्हते. १८७८ साली लिटनसाहेबांच्या सरकारने शस्त्रांचा कायदा केला. त्यात हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि गोऱ्याला सूट. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या तोंडालाही कुलूप घातले गेले. वृत्तपत्रांचे कुलूप रिपनसाहेबांच्या कारकिर्दीत निघाले, शस्त्रांचे मात्र राहिले. हा अपमान इतका झोंबत होता की प्रत्यक्ष गांधीजींनी १९१८ साली, खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना, सबंध राष्ट्र निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या काळ्याकुट्ट कृत्यांत मोजला होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने नागरिकांच्या मूलभूत हक्कांची यादी केली, तीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

मग स्वातंत्र्य आले. १९४८ च्या डिसेंबरात घटनासमितीत ह. वि. कामथ यांनी तो हक्क राज्यघटनेत घालावा म्हणून दुरुस्ती सुचवली. ती संमत झाली नाही. डॉ. आंबेडकरांच्या मसुद्यात सभास्वातंत्र्य होते, पण शांततेने आणि शस्त्रांवाचून. ते शब्द आजही घटनेत आहेत. त्याच वर्षीच्या ३० जानेवारीला दिल्लीत बिर्ला भवनाच्या हिरवळीवर एका पिस्तुलाने काय केले होते, हे त्या सभागृहातला कोणता सभासद विसरला असेल? पुढे १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, परवाना राहिला. २०१९ सालच्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरले, आणि लग्नात-मिरवणुकीत हौसेने गोळ्या झाडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. उत्तरेकडच्या वरातीत हे चालते आणि वरपक्षाच्या आनंदापायी कुणाचा तरी मुलगा मरतो. आपल्याकडे बँडवाल्याचा त्रास आहे, पण तो परवडला.

आता अमेरिकेकडे वळतो, कारण चिटणीसांचा सारा भर तिच्यावर. तिथे शस्त्राचा हक्क १७९१ पासून घटनेत आहे, आणि स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा नागरिकाचा हक्क २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला. त्या देशात २०२१ साली ४८,८३० माणसे बंदुकीने मेली. हा आकडा ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर दरोडेखोर येतात, शाळेत शिरलेला माथेफिरू येतो. पण त्यांतल्या २६,३२८ माणसांनी स्वतःवरच गोळी झाडून घेतली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक. बंदूक घेताना माणूस चोराचा विचार करतो आणि ती चालते ती अशी. विष घेतलेला, गळफास लावून घेतलेला माणूस कधी वाचतो. बंदुकीच्या बाबतीत दहांपैकी सुमारे नऊ वाचत नाहीत. आणि एकदा वाचलेली बहुतेक माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत, असे डॉक्टर सांगतात. ती वाईट घटका तेवढी टळावी लागते.

ऑस्ट्रेलियाने हे वेगळ्या दुःखातून ओळखले. १९९६ च्या एप्रिलमध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना मारले. त्यानंतर तिथल्या सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे मोजून परत घेतल्या. बंदूक हवी तर सबळ कारण दाखवा, असे ठरले. स्वसंरक्षण हे कारण धरले गेले नाही. आणि अर्ज केल्यावर २८ दिवस थांबा! मला ते वाचून आजीच आठवली. तिची एक रात्र, त्यांचे २८ दिवस. यामुळे तिथले गुन्हे संपले असे कुणी म्हणू नये. कायद्याने गुन्हे संपत असते तर आमच्या बोळात दिवा लावावा लागला नसता.

एक आक्षेप मात्र मला निरुत्तर करतो, आणि तो फौजदारांनीच सभेनंतर जिन्यात काढला. "अहो, परवानावाल्याला तुम्ही हजार प्रश्न विचारता. कट्टेवाल्याला कोण विचारतो?" खरे आहे. आपल्या देशात बंदुकीने जे खून होतात, ते बहुतेक बिनपरवाना हत्यारांनी. बिहारमधल्या मुंगेरला मीर कासीमच्या काळापासून बंदुका घडतात, आणि त्या कसबाची चोरटी शाखाही तिथेच भरभराटली. परवान्याच्या कचेरीत कितीही शिक्के मारले तरी त्या भट्टीपर्यंत पोचत नाहीत. तिथे पोलिसाला स्वतः जावे लागते, आणि गेल्यावर रिकाम्या हाताने परतायचे नाही असे ठरवून जावे लागते. पण कट्टेवाला आहे म्हणून माजघरातली बंदूक निर्धोक ठरत नाही. ती दोन निरनिराळी संकटे आहेत.

हे सारे मला पुस्तकातच ठेवता आले असते तर बरे होते. सभेनंतर महिनाभराने दादाचा फोन आला. दादा म्हणजे काकांचा मुलगा. परवाना आता त्याच्या नावावर. मुदत संपत आली होती. नूतनीकरण करावे की नाही, त्याने विचारले. "वानरांनी उच्छाद मांडलाय रे. पण माझेही गुडघे गेलेत. तालुक्याला खेपा कोण घालणार?"

मी विचारले, "तुझा मुलगा काय म्हणतो?"

दादा जरा वेळ बोललाच नाही. त्याचा मुलगा मुंबईला होता. कारखाना बंद पडला, नोकरी गेली, बायको मुलीला घेऊन माहेरी राहिली. वर्षभर तो गावी आहे. हे मला माहीत होते. माहीत नव्हते ते दादाने मग सांगितले. मुलगा रात्री पडवीत येरझाऱ्या घालतो, पानावरून अर्धपोटी उठतो. परवा आईला म्हणाला, "माझ्याशिवाय तुमचं काही अडायचं नाही."

"दादा, काडतुसं कुठं आहेत?"

"पेटीतच की."

"आणि किल्ली?"

"आता आजी कुठं आहे? खिळ्याला असते."

मी दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली. मुदत संपली की बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असा नियम आहे. आम्ही मुदतीची वाट पाहिली नाही. दादाचा जीव त्या बंदुकीत अडकलेला. त्याच्या बापाची, आजोबांची ती खूण. तो रिक्षात ती मांडीवर घेऊन बसला होता, अगदी काका ओटीवर बसले होते तसा, आणि वाटेत एक शब्द बोलला नाही. ठाण्यातल्या हवालदाराने नळीवरचा क्रमांक दोनदा तपासला, काडतुसे मोजली आणि पावती दिली. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "खुंटी आता मोकळी दिसेल." मी म्हटले, "छत्री लाव."

मुलाशी बोलणे अधिक कठीण होते. ते वहिनींनी केले. रत्नागिरीला मनाच्या डॉक्टरांकडे त्या स्वतः त्याला घेऊन गेल्या. दर पंधरा दिवसांनी जाणे असते, गोळ्या चालू आहेत. झोप येऊ लागली आहे, असे कळते. मधे मुलगी येऊन चार दिवस राहून गेली.

वानरांचे तेवढे वाढले आहे. रिकामे डबे वाजवून ती हलत नाहीत. परवा फोनवर वहिनी म्हणाल्या, यंदा केळीचा एक घड हाती लागला नाही आणि फणसांचे तर नावच नको. "बंदूक होती ती बरी होती," असे दादा दिवसातून दोनदा म्हणतो म्हणे.

"मग तुम्ही काय म्हणता?" मी विचारले.

"मी म्हणते, खाऊ देत," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फोन मुलाकडे दिला.