आत्ता नगं

आमच्या साताऱ्याकडच्या गावांत बाप्याच्या दारूची चर्चा पारावर होते. बाईच्या मिश्रीला मात्र कुणी व्यसन म्हणत नाही. ते नुसतं 'दात घासणं' असतं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची आणि डबीत भरायची. भाजताना घरभर ठसका उठतो, लेकरं खोकत अंगणात पळतात. कुठं तिला मशेरी म्हणतात, कुठं मिश्री. भाजली म्हणून तंबाखूचा गुण जात नाही. बोटानं चोळली की निकोटीन हिरडीतून सरळ रक्तात उतरतं.

थोरल्या काकीची डबी सदा कनवटीला. पहाटे चूल पेटवायच्या आधी एकदा, त्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही. भाकऱ्या झाल्या की एकदा, दुपारी बांधावर एकदा, गुरांचं शेणघाण आवरलं की एकदा, रात्री भांडी घासून झाली की शेवटची. उपासाच्या दिवशी अजून एखादी जास्त, कारण मिश्रीनं भूक मरते. तिच्याकडं बघून मला एक गोष्ट कळली होती. मिश्री लावलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही. तोंड भरलेलं असतं, ती बोलणार कशी? दिवसातली ती पाच वेळची दहा-दहा मिनिटं हीच तिची सुट्टी. डबी सोडायची म्हणजे सुट्टीही सोडायची.

काकीची धाकटी बहीण तोंडाच्या कॅन्सरनं गेली. मुंबईला टाटाच्या वाऱ्या झाल्या, रान गहाण पडलं, बहीण राहिली नाही. त्यानंतर दोनेक वर्षांनी गावात दातांचं शिबिर झालं, तिथल्या डॉक्टरणीनं काकीच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा बोट लावून तिला दाखवला. "मावशी, आत्ता सोडलीत तर हा चट्टा मागं हटायची आशा आहे," एवढंच ती म्हणाली. काकी घरी आली ती गप्पच.

त्याच सुमारास बचत गटाच्या बैठकीला शहरातून एक ताई यायच्या. मनानं चांगल्या. त्यांनी बायकांना वाक्यं दिली : मी सशक्त आहे, मी सुंदर आहे, मी व्यसनमुक्त आहे. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून एकवीस वेळा म्हणायची. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आमच्या घरात आरसा एकच, तोही काकांच्या दाढीच्या उंचीवर टांगलेला. काकी पाटावर उभी राहून चार दिवस म्हणाली. पाचव्या दिवशी मला म्हणाली, "पोरी, मी मोकळी झाले म्हन्ते आन् डबी हितं कमरंला. आरशाला खोटं कसं सांगू? उलट लईच लाज वाटती."

पुढं कधीतरी माझ्या वाचनात आलं, की 2009 साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःविषयीचं मत आधीच खाली गेलेलं असतं, त्यांना 'मी चांगली आहे' असं घोकायला लावलं तर काहींना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटतं. काकीला ते पाटावर उभं राहूनच समजलं होतं.

पण तिनं बोलणं सोडलं नाही. वाक्य तेवढं बदललं. हात कनवटीला गेला की ती हळूच म्हणायची, "आत्ता नगं." कायमची सोडली, असं नाही. उद्या काय, तेही नाही. फक्त आत्ता नगं. तेवढं खरं होतं, आणि तेवढं तिच्या हातात होतं. तोंडात लवंग नाहीतर बडीशेप धरायची. पहिला आठवडा वाईट गेला. डोकं ठणकायचं, पोट धरायचं, सुनेवर खेकसायची. रात्री झोप लागायची नाही, अंथरुणात उठून बसायची.

एकदा अशाच रात्री ती अंधारात पुटपुटताना मी ऐकलं. "भात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. नवी नवरी व्हते. हाताला फोड आलं, पर हजेरी चुकवली न्हाय. ही डबी काय खडीपक्षा कठीन हाय व्हय?" 1972 च्या दुष्काळी कामावर आमच्याकडच्या किती बायका राबल्या असतील! पण ते बळ म्हणून कुणी त्यांना कधी मोजून दाखवलं नव्हतं. काकीच्या बोलण्यात 'मी' क्वचित यायचं. 'आमी', 'घरात', 'आपल्यात' असंच असायचं. त्या रात्री ते 'मी' आलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग तिनं सुट्टीही परत घेतली. मिश्रीच्या वेळेला ती ओट्यावर नुसती बसायची. सून विचारायची, "आत्याबाई, काय हवंय का?" काकी मान हलवायची. तोंड रिकामं असूनही बोलायचं नाही, हा हक्क मिळवायला तिला महिना लागला. शेजारच्या दोघी येऊन बसू लागल्या. त्यातल्या एकीची सुटली, दुसरीची आजही सुटलेली नाही. तरी ती येऊन बसते, कुणी तिला टाकून बोलत नाही.

काका गेले तेव्हा दहाव्याला आलेल्या बायकांनी मायेनंच डबी पुढं केली. "लाव गं, जरा बरं वाटंल." काकीनं लावली, पुढं तेराव्यापर्यंत लावली. मला वाटलं, संपलं सगळं. चौदाव्या दिवशी सकाळी तिनं डबी उकिरड्यावर उपडी केली. मी म्हणाले, "काकी, आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं." ती माझ्यावरच उखडली. "पयल्यापासनं का? मागचं आट म्हैनं काय वड्याला व्हाऊन गेलं? ते मी काढल्यात. ते माजंच हायेत."

मोठ्या व्यसनांना एवढ्यानं भागत नाही. रोज दारू पिणाऱ्या बाईनं एकदम थांबलं तर जिवावर बेतू शकतं, तिथं डॉक्टरच हवा. पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगणनं पुढं स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला, तो उगाच नाही. पुरुषाला घरचे धरून आणतात. बाईचं व्यसन घरचे झाकतात, आणि आजार वाढेपर्यंत झाकतात. शब्द औषधाच्या जागी येत नाहीत. पण औषध घेणारी बाई रात्री अंथरुणात स्वतःला काय म्हणते, यावरही पुष्कळ काही असतं. 'मीच मेली वाईट' असं म्हणत असेल, तर तिचा हात पुन्हा डबीकडं जायला वेळ लागत नाही.

काकीचा चट्टा फिका झाला आहे, गेलेला नाही. ती दर सहा महिन्यांनी दाखवून येते. आता गटातल्या बायका तिच्याकडं वाक्य मागायला येतात. ती देत नाही. "माजं तुला लागू पडायचं न्हाय," म्हणते, आणि विचारते, "तू काय काय सोसलंस ते आदी सांग." बाई आधी म्हणते, मी काय, काही नाही. काकी गप्प बसून राहते. मग बाई सांगायला लागते.