कुकडीकाठची भाकरी

पुण्याहून नाशकाकडे निघाले, की नारायणगाव मागे पडते आणि आळेफाटा यायच्या आत पिंपळवंडी लागते. कुकडीच्या काठचे हे आमचे मूळ गाव. आजोबांनी मुंबईची वाट धरली ती इथूनच. आम्ही नातवंडे तर मुंबईतच जन्मलो. गावात उरल्या त्या एक चुलत आजी आणि चार खणांचे जुने घर. गेल्या दिवाळीत ते घर विकण्याचे बोलणे करायला मी निघालो. भावंडांच्या सह्यांचे कागद पिशवीत होते आणि एस. टी.त वाचायला म्हणून घेतलेली, मराठ्यांच्या पदरच्या गोऱ्या शिपायांची हकिगत हातात.

तिच्यात विल्यम टोन भेटला. आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. आयर्लंडात मात्र त्याच्या थोरल्या भावाचे, वुल्फ टोनचे, नाव घेतल्यावाचून स्वातंत्र्याची गोष्ट पुरी होत नाही. बाप डब्लिन शहरात घोडागाड्या बांधणारा. पोरांच्या पायांना मात्र भिंगरी! १७६४ साली जन्मलेला विल्यम सोळाव्या वर्षी पुस्तकवाल्याकडची उमेदवारी टाकून पळाला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरला. निघाला हिंदुस्थानाला, पोहोचला सेंट हेलेनाच्या बेटावर. तिथे काही वर्षे काढून तो परतला, तेव्हा वुल्फ लंडनमध्ये वकिली शिकत होता. दोघांचेही खिसे रिकामे. एके दिवशी दोघे भाऊ कंपनीच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. म्हणाले, आम्हांला हिंदुस्थानात धाडा. उत्तर मिळाले, या हंगामातली जहाजे गेली, आता मार्चमध्ये बघू.

जहाज मिळाले असते, तर दोघेही कंपनीचे शिपाई होऊन इकडे आले असते! पण वुल्फ मायदेशी परतला आणि १७९१ साली युनायटेड आयरिशमन या संघटनेच्या स्थापनेत पुढे झाला. विल्यम १७९२ साली पुन्हा हिंदुस्थानची वाट चालू लागला. आधी निजामाची चाकरी झाली, मग पुण्याला येऊन त्याने पेशव्यांच्या एका पायदळ पलटणीची सरदारी केली. इंग्रजांनी ज्याचा देश दाबला होता, तो मराठ्यांचे मीठ खाऊ लागला.

१७९६ साली आमच्या जुन्नरात मोठी धामधूम होती. शिवनेरीवर अटकेत असलेल्या दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीसाठी न्यायला परशुरामभाऊ पटवर्धन आले होते. त्याच वर्षी टोनने मराठ्यांच्या रीतिभातींवर एक लांबलचक पत्र लिहिले. ही मंडळी मुळात कुणबी, धनगर, गवळी. म्हणून त्यांच्यात थाटमाट कमी, असे तो सांगतो. मोठमोठ्या फौजा उभ्या करू शकणाऱ्या एका राजाच्या लेकींना आपल्या हातांनी भाकरी भाजताना त्याने पाहिले होते. दिवसभर लढून आलेला बडा सरदार रात्री स्वतः शेकोटी पेटवू लागतो आणि घोड्याच्या झुलीवर बसून कारकुनांना मजकूर सांगतो, हेही त्याने पाहिले.

एवढे वाचेपर्यंत पिंपळवंडी आली. घरी पोहोचलो तर आजी चुलीपुढे बसून बाजरीची भाकरी थापत होत्या. मी पिशवीतले कागद चाचपले. त्यांनी ते पाहिले असावे.

“आधी दोन घास खा, बाबा. कागद कुठं पळत्यात?”

जेवताजेवता मी त्यांना त्या गोऱ्या शिपायाची गोष्ट सांगितली. त्यानेही अशीच भाकरी भाजणाऱ्या लेकीबाळींचे लिहून ठेवले आहे म्हटल्यावर आजी हसल्या. मग म्हणाल्या, “पुढं काय झालं रं त्याचं?”

पुढचे सांगणे अवघड होते. १७९८ साली वुल्फ फ्रेंच आरमाराबरोबर आयर्लंडकडे येताना पकडला गेला. फाशीची शिक्षा झाली; तुरुंगातच गळ्याला जखम करून घेतली आणि १९ नोव्हेंबरला त्यातच प्राण गेला. धाकटा भाऊ मॅथ्यू त्याच साली डब्लिनमध्ये फासावर चढला. आणि विल्यम १८०२ साली इकडे मराठ्यांच्या लढायांत मारला गेला.

“आणि मागं आईबाप?”

“होते.”

आजी बराच वेळ तव्याकडे बघत राहिल्या. “मग त्या माउलीनं वाट तरी कुणाकुणाची बघायची रं?” एवढेच म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

रात्री ओसरीवर त्यांनी पणत्या लावल्या. मुंबईत असलेल्या आम्हा नातवंडांची त्या एकेक नावे घेत होत्या आणि एकेक पणती मांडत होत्या. अकरा पणत्या झाल्या. त्यांतल्या सात जणांनी तर हे घर पाहिलेलेही नव्हते.

सकाळच्या एस. टी.ने मी परतलो. कागद पिशवीत होते तसेच आहेत. या दिवाळीला सातही जणांना घेऊन पिंपळवंडीला जायचे ठरले आहे. घराचे काय करायचे ते तिथेच, आजींच्या चुलीपुढे बसून ठरवू.