खरवडायचं नाही

स्विंडनमधल्या प्रोजेक्टवर माझं काम होतं एका वीस वर्षं जुन्या सिस्टिमची साफसफाई. एका फाइलमध्ये विचित्र कंडिशन दिसली: आडनाव रिकामं असेल तर वेगळीच वाट. वर कॉमेंट नाही, टेस्ट नाही. उडवून टाकली. शुक्रवारी कळलं, पासपोर्टवर आडनावच नसलेल्या लोकांचे अर्ज तीन दिवस अडकून पडलेत. शेजारी बसणारी तमिळ सहकारी म्हणाली, "माझ्याही पासपोर्टवर नाहीये." बदल मागे घेतला, माफी मागितली. उरलेल्या कोडचं काय करायचं, ते सोमवारी सांगायचं होतं.

रविवारी डोकं शांत करायला बसने लेचलेडला गेलो आणि थेम्सच्या काठाने चालत इंगलशमला पोचलो. आसपास गाव म्हणावं असं काही उरलेलं नाही. शेताच्या कडेला सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे छोटं चर्च तेवढं उभं आहे. बरंचसं बांधकाम तेराव्या शतकातलं. उंच मनोरा नाही, पश्चिमेच्या भिंतीवर घंटेपुरती कमान.

आत गेलो आणि पहिला विचार आला, इथे रंगकाम राहिलंय वाटतं! भिंतींना पोपडे आलेले. मग लक्षात आलं की हे थर आहेत. मध्ययुगातली चित्रं, त्यावर चुना, प्रोटेस्टंट काळात त्यावर लिहिलेली बायबलची वचनं, पुन्हा चुना, पुन्हा अक्षरं. खाली दारं असलेली लाकडी खोक्यांसारखी जुनी बाकं. एका भिंतीत आई आणि बाळाचं शिल्प आहे, चर्चहूनही जुनं, सॅक्सन काळातलं. ते पूर्वी बाहेरच्या बाजूला होतं आणि कुणीतरी त्यावरच सूर्यघड्याळ कोरलं होतं. आमच्या भाषेत, चक्क हॅक. तो अजून तिथे आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर चर्चच्या जीर्णोद्धाराची लाट आली. 'मूळ' गॉथिक रूप परत आणायचं म्हणून गिलावा खरवडला गेला, जुनी बाकं फेकली गेली, खिडक्या बदलल्या गेल्या. याला वैतागून विल्यम मॉरिसने 1877 मध्ये फिलिप वेब वगैरे मित्रांबरोबर प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. म्हणणं साधं होतं: इमारत कुठल्या एका सालाची नसते. पडझड थांबवा, रोजची काळजी घ्या, इतिहास पुसू नका. जवळच्याच केल्म्सकॉटला त्याचं घर होतं. 1888-89 मध्ये इंगलशमची दुरुस्ती झाली ती त्याच्या धडपडीने. फक्त दुरुस्ती.

पण याची किंमत आहे. मी अर्धा तास भिंतीपुढे उभा राहिलो आणि एकही वचन धड वाचता आलं नाही. वरचे थर काढले असते तर खालचं एखादं चित्र कदाचित स्पष्ट दिसलं असतं. त्यासाठी बाकीची शतकं गेली असती. कुठलं शतक ठेवायचं, हे ठरवणारा मी कोण? आडनावाच्या बाबतीत मी न विचारता ठरवलंच होतं की.

सोमवारी मीटिंगमध्ये सांगितलं, नव्याने लिहायचं नाही, दुरुस्त करायचं. एकेक ओळ का आहे ते आधी शोधायचं. मॅनेजरने विचारलं, वेळ? म्हटलं, दुप्पट. तिचा चेहरा पडला. निर्णय अजून व्हायचा आहे.

तोवर ती कंडिशन आपल्या जागी आहे. वर मी एक कॉमेंट टाकली आहे: ही कुणासाठी आहे, आणि ती काढल्यावर काय झालं होतं. खाली माझं नाव, तारखेसकट.