वळणाआधीचा सरळ रस्ता

गेल्या नाताळच्या सुटीत बहिणीकडे गेलो असता भाच्याने मला पडद्यासमोर बसविले व हाती कंट्रोलर दिला. 'फोर्झा होरायझन ५' हा २०२१ साली निघालेला मोटारींचा खेळ. त्यात मेक्सिकोचा विस्तीर्ण प्रदेश उभा केला आहे: ज्वालामुखीचा डोंगर, वाळवंट, ग्वानाहुआतो शहरातील अरुंद रस्ते. ठरलेली वाट अशी नाही. मन मानेल तिकडे गाडी न्यावी.

पहिल्याच वळणावर माझी गाडी भिंतीवर आदळली, दुसऱ्यावर शेतात शिरली.

"फादरमामा, तुम्ही वळणात ब्रेक मारता," भाचा म्हणाला. "ब्रेक आधी मारायचा, सरळ रस्त्यावर."

मग त्याने सारे समजाविले. टायरची रस्त्यावरील पकड मर्यादित असते. ती सर्व ब्रेकपायी खर्ची पडली, तर वळण्यासाठी काही उरत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. म्हणून गाडी सरळ असतानाच वेग उतरवावा, बाहेरच्या कडेने वळणात शिरावे, आतल्या कडेला स्पर्शून पुन्हा बाहेर यावे आणि चाके सरळ होऊ लागली की हळूहळू वेग वाढवावा. दृष्टी भिंतीवर नव्हे, वळण संपते तिथे ठेवावी. (रस्त्याची सारी रुंदी वापरणे खेळापुरतेच, खऱ्या रस्त्यावर आपली बाजू सोडू नये.)

या खेळात चूक झाली, की काळ मागे नेण्याची सोय आहे. मी तो जेमतेम भिंतीच्या अलीकडे नेई आणि पुन्हा आदळे. भाचा हसून म्हणाला, "आणखी मागे न्या. चूक तिथे झालेली नाही." सरळ रस्त्यापर्यंत मागे गेलो, तेव्हा कुठे वळण साधले.

त्या रात्री मला झोप लागेना. २२ वर्षांपूर्वी एका घाटात माझी मोटारसायकल घसरली व मागे बसलेल्या सहकारी धर्मगुरूंचा पाय मोडला. वळणावर खडी होती, असे मी सर्वांना सांगत आलो. खडी होतीच. परंतु वळणाआधीच्या उतारावर ते "जरा सावकाश" म्हणाले होते, हे मी कोणालाही सांगितले नव्हते.

सकाळी त्यांना फोन केला. क्षणभर ते गप्प राहिले. मग म्हणाले, "पाय केव्हाच बरा झाला रे. पण सांगितलेस, हे बरे केलेस."

संध्याकाळी पुन्हा खेळायला बसलो. वळण अजून दूर होते. मी ब्रेकवर बोट ठेवले. भाचा काही बोलला नाही.